माहेरी, हॉटेलात

“पहिल्यांदाच येताय का डहाणूला?” काउंटरवरच्या माणसाने विचारलं, तेव्हा तोंडाशी आलं होतं ते मी गिळलं. त्याची तरी काय चूक? माझ्या आधार कार्डावर पुण्याचा पत्ता, खांद्याला लॅपटॉपची बॅग, आणि बोलणंही एव्हाना पुण्याचंच झालेलं. “नाही, पूर्वी यायचे,” एवढंच म्हटलं. त्यावर त्याने मोठ्या अगत्याने समुद्र कुठल्या बाजूला आहे ते हात करून दाखवलं. मला! त्या समुद्रावर माझं सगळं बालपण गेलं, आणि हा मला रिक्षा कुठून मिळेल ते सांगतोय. आपलीच मोरी आणि मुतायची चोरी म्हणतात, त्यातला प्रकार.

मी पॅकिंगची छोटी मशीन विकणाऱ्या कंपनीत आहे. पापड, लोणची, चिकूच्या चकत्या, सुकी मासळी, काहीही पिशवीत भरून हवाबंद करणारी. बायकांच्या बचत गटांना ती चालवून दाखवायची, चार दिवस आधी फोन करून जमवाजमव करायची, हे माझं काम. या खेपेला तलासरीचे आणि डहाणूचे गट होते. साहेबांनी विचारलं होतं, या आठवड्यात जाता की पुढच्या? मी म्हटलं, याच. माहेरी जायला मिळणार म्हणून इतकी घाई झाली होती की पुढचा मागचा विचारच केला नाही.

त्याच संध्याकाळी आईला फोन लावला. “आई, बुधवारी येतेय. दोन रात्री आहे.”

मला वाटलं होतं ती म्हणेल, ये गो बाय, केव्हाची वाट बघतेय. ती म्हणाली, “तिथी कोणती?”

मला कुठली माहीत तिथी? तिचं पलीकडे पुटपुटत बोटांवर मोजणं ऐकू येत होतं. “चतुर्दशी. आणि दुसऱ्या दिवशी पौर्णिमा. अगो, ऐन उधाणात येतेस?” मग म्हणाली, “कंपनी हॉटेल देते ना तुला? मग या खेपेला हॉटेलातच राहा. बरं पडेल.”

कुणीतरी तोंडात मारावी तसं झालं मला. फोन ठेवल्यावर नवऱ्याने विचारलं, काय म्हणाल्या आई? मी म्हटलं, काही नाही, मजेत आहेत. आणि आत जाऊन उगाचच कपाट आवरत बसले.

उधाण म्हणजे काय हे आमच्या घरात जन्मलेल्या पोरीला कळू नये, याहून मोठी फजिती नाही. अमावास्या-पौर्णिमेला समुद्राच्या पाण्याला ओढ असते. आमची जाळी त्या ओढीवरच मासळी धरतात. तेव्हा बोटी भरून येतात आणि घरातल्या बायांना दिवस कळत नाही की रात्र. भरती आली की बोटी खाडीत शिरणार, मग माल उतरवायचा, निवडायचा, विकायचा, उरलेले बोंबील धुऊन वाळत घालायचे, तोवर दुसरी भरती. अष्टमीच्या आसपास पाणी सुस्तावतं, त्याला भांग म्हणतात. तेव्हा बोटी नांगरून असतात. आमच्याकडे साखरपुडे, बारशी, डॉक्टरकडे जाणं, पोरांना शाळेत घालणं, सगळं भांग बघून. शहाणा माणूस आमच्या घरी उधाणात पाहुणा जात नाही.

लहानपणी आमच्या घरात रविवार नव्हता, भांग होता. एरवी आई दिसायची ती टोपली डोक्यावर घेऊन जाताना किंवा टोपली उतरवून ठेवताना. भांगाच्या दुपारी मात्र ती न्हाऊन, ओले केस मोकळे सोडून लादीवर आडवी व्हायची, आणि मी तिच्या पाठीला नाक लावून पडायचे. साबण कितीही लावला तरी मासळीचा वास थोडा उरायचाच. मला वाटायचं आई नावाच्या माणसाला असाच वास असतो. कुणी न शिकवता मला तिथ्या पाठ होत्या तेव्हा, कारण मला आई कधी मिळणार ते त्यावर ठरायचं. आणि आता? पुण्यात राहून मी दूधवाल्याचा महिना मोजायला शिकले आणि तिथी विसरले.

मला काय हवं होतं ते सरळ सांगते. मला एक रात्र आईशेजारी झोपायचं होतं. लग्न झाल्यापासून ते कधी जमलंच नाही. माहेरी जायचं ते गणपतीला, लग्नाकार्याला. घरात माणसांची जत्रा. आई सगळ्यांचं आवरून शेवटी कुठेतरी नातवंडांच्या मधे अंग टाकणार, आणि पहाटे मी उठायच्या आत बाजारात. आता ती सत्तरी ओलांडून गेली. वडील गेले त्याला काही वर्षं झाली. प्रवासाची बॅग भरताना दरवेळी मनात येतं, अजून किती खेपा? आणि ती म्हणते हॉटेलात राहा!

तर असं हॉटेल. स्टेशनजवळच, शुद्ध शाकाहारी, स्वच्छ, आणि कंपनीच्या नियमात बसणारं. भिंतीवर बर्फाच्या डोंगराचं चित्र, कपाटात एकच हँगर, बाथरूममध्ये बादलीला साखळीने बांधलेला मग. तो मग कोण चोरून नेणार होतं देव जाणे. सामान आणून देणाऱ्या वेटरने आल्या आल्या खोलीभर गुलाबाचा स्प्रे फवारला आणि बजावलं, “मॅडम, ती मागची खिडकी नका उघडू. वारा फिरला की सुक्या मासळीचा वास येतो.”

तो गेल्यावर मी पहिलं काम केलं ते खिडकी उघडायचं. आणि खरंच आला हो! वाळत्या बोंबलांचा, खाऱ्या चिखलाचा, ओल्या दोरखंडांचा. डोळे भरून आले माझे. माणसं वासाने नाक मुरडतात, मी रडतेय. कुणी बघितलं असतं तर वेडीच म्हटलं असतं.

दुपारची वेळ होती. सकाळच्या भरतीला बोटी आल्या असणार. मला राहवलं नाही, तशीच रिक्षा करून खाडीवर गेले. घराला कडी. सगळे किनाऱ्यावर. दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, बोटीला धरून कमरेपर्यंत पाण्यात. त्याने लांबूनच हात केला. वहिनी आणि तिच्या दोन पोरी मासळीच्या ढिगाभोवती बसलेल्या, आणि मधोमध आई. डोक्याला फडकं, कमरेला प्लास्टिकचा कागद गुंडाळलेला. हात असे चालले होते की बघणाऱ्याला गरगरावं. बोंबील इकडे, करंदी म्हणजे बारीक कोळंबी तिकडे, कचरा मागे.

“आलीस?” ती मान वर न करता म्हणाली. “बूट खराब होतील. तिकडे सुक्यात उभी राहा.”

मी बूट काढले, सलवार वर खोचली आणि ढिगाला हात घातला. करंदीचा काटा पहिल्याच फटक्यात बोटात गेला. माझं एक निवडून होईपर्यंत वहिनीची मूठ भरायची. जरा वेळाने ती अगदी गोडीने म्हणाली, “राहू द्या ताई. कपडे खराब होतील. आम्ही करतो.” तिच्या मनात काही नव्हतं, बिचारी स्वभावाने गरीब आहे. पण मी उठून बाजूला उभी राहिले तेव्हा मला कुठे उभं राहायचं तेच कळेना. जिथे उभी राहीन तिथे कुणाच्या तरी वाटेत येत होते.

“कुठल्या हॉटेलात आहेस?” आईने विचारलं. मी सांगितलं. “बरं. जा आता. ऊन लागेल.”

ऊन! पौषातलं ऊन! डोक्यात अशी तिडीक गेली. चहाला चल म्हणाली नाही, संध्याकाळी ये म्हणाली नाही. परत येऊन मी जेवले नाही, टीव्ही लावून पडून राहिले आणि कंपनीला उद्याच्या कामाचा मेल लिहिला. त्यात तीन चुका होत्या, ते दुसऱ्या दिवशी कळलं.

सकाळी कंपनीच्या गाडीने तलासरीला. सरावलीवरून चारोटीकडे, मग हायवे. विवळवेढ्याजवळ ड्रायव्हरने देवीच्या डोंगराकडे बघून स्टिअरिंगवरचा एक हात छातीला लावला, मीही लावला. मागायचं काहीतरी होतं, पण रुसलेली असल्यामुळे मागितलं नाही.

तलासरीच्या गटातल्या बाया शेतात आणि मजुरीवर जाणाऱ्या. त्यांनी घरच्या नाचणीचे पापड आणले होते. मशीनने पिशवी आवळली की हसायच्या. तिकडे सगळ्यांना तूच म्हणतात, साहेब असो की सरपंच, आणि मला ते फार आवडतं. जेवताना त्यांच्यातल्या एका वयस्क बाईने विचारलं, “तू कुठली?” मी म्हटलं, डहाणूच्या खाडीवरची. “मग तुमच्या बाया सुकी मासळी घेऊन बाजाराला येत. रात्री आयकडे झोपलीस?”

“नाही. हॉटेलात.”

तिने घास हातातच ठेवला. “आय नाही?”

“आहे ना.”

“आय आहे नि लॉजात झोपलीस?” ती शेजारणीकडे वळली, दोघींनी माझ्याकडे बघितलं, आणि मग तिने माझ्या पानात आणखी एक भाकर वाढली. दया आली असणार तिला माझी. काय सांगणार तिला, तिथीचा घोळ झाला म्हणून?

परत यायला संध्याकाळ झाली. हॉटेलच्या पायऱ्या चढतेय तोच काउंटरवरचा तो माणूस लगबगीने पुढे आला. “मॅडम, एक बाई केव्हाची येऊन बसलीय. तुमच्याकडेच आलेय म्हणते. या गल्लीतून रोज जाणारी मच्छीवाली आहे. मी म्हटलं इथं मासळी चालत नाही, तर माझ्यावरच ओरडली.”

सोफ्यावर आई बसली होती. काठाची हिरवी साडी, केसांत अबोलीची वेणी, गळ्यात ठेवणीतली बोरमाळ. मांडीवर कापडी पिशवी, दोन्ही हातांनी घट्ट धरलेली. लग्नाला निघाल्यासारखी नटून आली होती माझी आई. पाय मात्र सोफ्याखाली मागे ओढून घेतलेले.

“ती माझी आई आहे,” मी जरा जोरातच म्हटलं.

“मी तेच सांगतेय मेल्याला मघापासून!” आई उठली. “विचारतो काय, टोपली कुठाय? टोपली घेऊन आले असते तर तुझ्या डोक्यावर नसती ठेवली?”

तो बिचारा ओशाळला. नियमाप्रमाणे ओळखपत्र लागेल म्हणाला. आईने पोलक्यातून बटवा काढला, त्यातून प्लास्टिकमध्ये ठेवलेलं आधार कार्ड काढून त्याच्यापुढे ठेवलं आणि वर म्हणाली, “नीट बघ. फोटोत मी बरी दिसत नाही, पण मीच आहे.”

खोलीत आल्यावर तिने आधी दार लावलं. कडी घातली, ती लागली का ते ओढून बघितलं. मग पलंगावर टेकली आणि म्हणाली, “रात्रीची भरती होईस्तोवर मी तुझी.”

माझं एकदम सगळं बाहेर पडलं. “मग घरी का नाही बोलावलंस? हॉटेलात राहा म्हणालीस. काल जा म्हणालीस. मी काय परकी आहे का ग?”

“झालं तुझं?” ती शांतपणे म्हणाली. “घरी आली असतीस तर माझ्या वाटणीला आली असतीस का? उधाणात आपलं घर म्हणजे बाजार. माणसं आत, माणसं बाहेर. पोरं तुझ्या गळ्यात, शेजारणी दारात, आणि मी मोरीत. सगळ्यांना मिळाली असतीस, मला नाही. कंपनी हॉटेल देते हे आठवलं तेव्हा माझ्या मनात आलं, हॉटेलात दार लागतं.”

एवढ्या वर्षांत मला कधी सुचलं नव्हतं की मी तिच्यासाठी झुरते तशी तीही माझ्यासाठी झुरत असेल. ती रागावते, काम करते, मोजून बोलते, एवढंच मला माहीत.

मग आम्ही हॉटेल वापरलं, अगदी पुरेपूर. तिने शॉवरखाली इतका वेळ आंघोळ केली की मी दोनदा दार वाजवलं. “गरम पाणी संपतच नाही गो!” आतून ओरडली. बाहेर आली, खोलीभर फिरली, बर्फाच्या डोंगराला हात लावून बघितला. मी खिडकी उघडली तर म्हणाली, “लाव ती. जन्मभर तोच वास आहे नाकात. आज तरी नको. हा गुलाबाचा बरा आहे.” वेटरचा स्प्रे मागवून घेऊन तिने स्वतः उशीवर मारला.

पिशवीतून माझ्यासाठी डबा निघाला. ओल्या बोंबलांचं आंबट आणि तांदळाची भाकरी. शुद्ध शाकाहारी हॉटेलात! मी घाबरून खाली मान घालून खाल्लं आणि बोटं चाटली. ती मात्र त्याला शिवली नाही. तिने वेटरला फोन करायला लावून पनीर मागवलं. “रबरासारखं आहे,” म्हणाली, “पण चांगलं आहे. फुकट आहे ना?” फुकट कसलं, पण मी मान हलवली.

जेवताना ती बोलत होती. मी इतकं कधी तिचं बोलणं ऐकलं नव्हतं. वडिलांविषयी बोलली, माझ्या लेकीच्या शिकण्याविषयी बोलली, गुडघ्यांविषयी बोलली. मग आमच्या शेजारच्या आत्याविषयी. आत्या म्हणजे तिच्याच वयाची, दोघी बरोबर सून म्हणून वाडीत आलेल्या. “तिच्या सुनांनी तिला एका उधाणात म्हटलं, दमलात, आज राहू द्या. ही पण राहिली घरी. पुढच्या उधाणात कुणी हाकच मारली नाही. आता ओट्यावर बसते, आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला विचारते, आज माल काय आला? ज्या बाईने आख्खी वाडी हालवली ती!” आईने पाण्याचा घोट घेतला. “एकदा राहू द्या ऐकलं ना बाय, की माणूस संपलं. मी अजून ऐकलेलं नाही.”

मी म्हटलं, “तुला कोण म्हणणार?”

“म्हणतात गो. प्रेमानेच म्हणतात.”

मग पलंगावर आडवी झाली. “थोडी पाठ टेकते. बोल तू, मी ऐकतेय. भरतीच्या आधी उठव हं मला, विसरू नको.” मी बोलायला सुरुवात केली, ऑफिसातलं काहीतरी, आणि दोन वाक्यांत ती घोरायला लागली. दोन दिवस नीट टेकली नव्हती ती. मी दिवा मालवला, बाथरूमचा चालू ठेवला आणि तिच्या पाठीशी सरकून पडले. मला हवं होतं ते एवढंच होतं. तिच्या केसांना गुलाबाच्या स्प्रेचा वास येत होता आणि मला हसू आलं.

असा किती वेळ गेला कोण जाणे. फोन थरथरला. वहिनी होती. मी बाथरूममध्ये जाऊन हळू आवाजात बोलले.

“ताई, आई झोपल्यात का?” मागे किनाऱ्यावरची गडबड ऐकू येत होती. “झोपू द्या मग. माल बेताचाच दिसतोय. मी आणि पोरी निभावून नेतो. किती वर्षांनी तुम्ही दोघी निवांत भेटलात. राहू द्या आज त्यांना तुमच्याकडे.”

मनापासून म्हणत होती. मी तिचे आभार मानले, फोन ठेवला आणि दारातून आईकडे बघितलं. कुशीवर झोपली होती, एक हात उशीखाली, तोंड थोडं उघडं. आख्खी रात्र होती माझ्यासमोर. कुणाचं काही अडणार नव्हतं. सकाळी ती उठली असती तर मी म्हटलं असतं, वहिनीनेच सांगितलं. खोटंही नव्हतं ते. इतकं सरळ होतं सगळं की मी पलंगावर जाऊन बसलेसुद्धा. चादर तिच्या खांद्यापर्यंत ओढली.

आणि तशीच बसून राहिले. देवा, किती जिवावर आलं होतं!

“आई,” मी तिला हलवलं. “ऊठ. वहिनीचा फोन आला होता. माल खूप आलाय म्हणे. तुला लवकर पाठव म्हणते.”

ती ताडकन उठून बसली. डोळे पुरते उघडलेही नव्हते. “काय म्हणाली?”

“म्हणाली, आईंशिवाय जमत नाही.”

“बघितलंस?” तिचा चेहरा असा उजळला की मला मान फिरवावी लागली. “एवढी धडधाकट माणसं, आणि एक काम माझ्यावाचून होत नाही मेल्यांचं! कामाची साडी आणलीच नाही! असू दे, हीच राहू दे अंगावर, तिकडे बदलीन. चप्पल? अगो, बघतेस काय, रिक्षा बोलाव!” निघताना तिने माझ्या गालांवरून ते खरखरीत हात फिरवले, घाईतच, आणि जिन्यावरून उतरताना काउंटरवरच्या माणसाला सांगत गेली, माझ्या पोरीला सकाळी गरम चहा दे, पाणचट नको.

रिक्षा वळल्यावर मी वहिनीला फोन केला. “आई निघालीय. तू बोलावलंस असं सांगितलंय मी. तेवढं सांभाळ.”

“बरं ताई,” ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने तिनेच परत फोन लावला. बोलली काहीच नाही, फोन चालू ठेवून कुठेतरी ठेवला असावा. बोटींची इंजिनं, माणसांचा कल्ला, आणि त्या सगळ्यावरून आईचा आवाज, कुणाला तरी फैलावर घेणारा. “अशी निवडतात का करंदी? सरका, सरका तिकडे! एक रात्र माणूस लेकीकडे गेलं तर हा गोंधळ!”

मी फोन कानाला लावून पडून राहिले. वहिनीने बंद करीपर्यंत मी केला नाही.